‘प्रेस’ : नाम एक, अर्थ किती आणि लिंग कोणते?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

इंग्रजीतून मराठीत येऊन स्थिरावलेल्या रोजच्या नामांची एक टिपणवही मी तयार करत आहे, आणि ‘प्रेस’ या शब्दापाशी ती अडली आहे. इतरत्र ही नोंद दोन ओळींत आटोपली असती. नाशिकमध्ये मात्र हा शब्द गाव ओलांडता ओलांडता अर्थ बदलतो. नाशिकरोडच्या माणसाला ‘प्रेस’ म्हटले की नोटा आठवतात, सातपूर-अंबडच्या कामगाराला पत्र्यावर उतरणारे यंत्र आठवते, वार्ताहराला स्वतःची जमात, लाँड्रीवाल्याला इस्त्री, आणि दिंडोरीकडच्या वाइनरीत काम करणाऱ्याला द्राक्षांचा रस काढण्याचे पिंप.

माझे मत असे आहे की हे सगळे अर्थ ‘दाब’ या एकाच कल्पनेतून निघाले आहेत. लॅटिनमधील ‘दाबणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, त्यामुळे एकच नोंद करून तिच्या पोटात सर्व अर्थ द्यावेत. तरीही दोन गोष्टी जाणकारांकडून हव्या आहेत. दाबापर्यंत मागे नेता येत नाही असा या नामाचा एखादा अर्थ आहे का? आणि मराठीत त्याचे लिंग कोणते मानावे? ‘प्रेस बंद पडली’, ‘प्रेस बंद पडला’ आणि ‘प्रेस बंद पडले’ ही तिन्ही रूपे मी याच शहरात ऐकली आहेत.

जेलरोडकर

नाशिकरोडला ‘प्रेस’ हे सामान्यनाम नाही, विशेषनाम आहे, ही पहिली नोंद करा. ‘वडील प्रेसमध्ये होते’ एवढे सांगितले की सोयरिकीच्या बैठकीत पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

पंचवटीकर

जेलरोडकर, प्रश्न विचारत नसत हे खरे, पण कोणती प्रेस हे तरी विचारायला हवे होते. नाशिकमध्ये केंद्र सरकारच्या तीन प्रेस आहेत: नोटांची, तिकिटांची आणि गांधीनगरची.

जेलरोडकर

बरोबर, आणि त्या तिन्हींमधला फरक प्रेसच्या वसाहतीत वाढलेल्या पोरालाही पाठ असतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. तिकिटांची प्रेस, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, 1920 च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिली. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत असत. आज तिकिटांखेरीज मुद्रांक आणि पासपोर्टही तिथेच छापले जातात. नोटांची प्रेस, म्हणजे करन्सी नोट प्रेस, 1928 मध्ये सुरू झाली आणि तिथे पहिल्यांदा पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट छापली गेली. गांधीनगरची प्रेस सरकारी कागदपत्रांची, त्यामुळे तिला वलय कमी. पहिल्या दोन प्रेस 2006 मध्ये अर्थ मंत्रालयाच्या थेट ताब्यातून निघून महामंडळाकडे गेल्या, पण बोलण्यात काहीही बदलले नाही.

गंमत अशी की दोन्ही प्रेसच्या दारावर देवनागरीत ‘प्रेस’ हा शब्द नाही. एकीचे अधिकृत नाव ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’ आणि दुसरीचे ‘भारत प्रतिभूति मुद्रणालय’. रिक्षावाल्याला ‘चलार्थ पत्र मुद्रणालयात सोडा’ असे सांगून पाहा आणि काय उत्तर मिळते ते इथे कळवा.

गोदाकाठचा_वाटसरू

सांगितले तर तो आपल्याला थेट न्यायालयात सोडेल. ‘प्रतिभूति’ म्हटले की जामीनच डोळ्यांसमोर येतो.

तिकिटवेडा

जेलरोडकरांच्या माहितीत एक भर घालतो. तिकीटसंग्राहकांच्या जगात ‘नाशिक’ हा शब्दच एक पारिभाषिक संज्ञा आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटे नव्हती, म्हणून सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ अशी अक्षरे छापून ती ऑक्टोबर 1947 मध्ये वापरात आणली गेली. त्यांतील नाशिकला यंत्रावर छापलेली अक्षरे एकसारखी आणि ठाशीव आहेत, तर ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांत हाताने शिक्के मारलेली तिकिटे वाकडीतिकडी. संग्राहक पहिल्या प्रकाराला ‘नाशिक छपाई’ म्हणतात. तेव्हा ‘प्रेस’ या शब्दावरून नाशिक आठवते, तसेच काही जणांना ‘नाशिक’ या शब्दावरून प्रेस आठवते.

सातपूरचा_फिटर

नोटा आणि तिकिटे झाली असतील, तर आता आमच्याही प्रेसकडे यावे. सातपूर आणि अंबडला ‘प्रेस शॉप’ नावाचा विभाग नसलेला पत्र्याचा कारखाना सापडणे कठीण. इथे प्रेस म्हणजे पॉवर प्रेस किंवा हायड्रॉलिक प्रेस, आणि तिची ओळख टनांत सांगतात: ‘पन्नास टनी’, ‘दोनशे टनी’. हे वजन यंत्राचे नसते, ते यंत्र किती जोर लावू शकते त्याचे माप असते. नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात हमखास इथेच गोंधळतो.

खाली डाय, म्हणजे साचा, बसवलेली असते, वर रॅमला, म्हणजे वरखाली होणाऱ्या भागाला, पंच असतो, फ्लायव्हील (जड चाक) सतत फिरत असते, आणि क्लच लागला की रॅम एकदा खाली येऊन वर जातो. त्याला आम्ही ‘स्ट्रोक’ म्हणतो. पंच आणि डाय यांच्यातील फट पत्र्याच्या जाडीनुसार ठेवावी लागते. ती वाढली की तुकड्याच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, येते, कमी झाली की पंच लवकर झिजतो. अनुभवी माणूस आवाजावरून सांगतो की धार गेली आहे. पूर्वी पायाने दाबायच्या पेडलवर प्रेस चालत असत आणि हात आत असताना पाय पडला की बोटे जात. आता दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, कारण तेव्हा दोन्ही हात बाहेर असणारच. धागाकर्त्यांना ‘दाब’ हवा असेल तर तो खऱ्या अर्थाने इथे आहे. वर्तमानपत्रात कुठे राहिला आहे?

लिंगाबद्दल विचाराल तर आमच्याकडे ‘प्रेस लागली’, ‘प्रेस अडकली’ असेच बोलतात.

मास्तर_निवृत्त

फिटरसाहेबांनी शेवटी विचारलेला प्रश्न चर्चेच्या मुळाशी जातो. वर्तमानपत्रात दाब राहिलेला नाही, आणि म्हणूनच धागाकर्त्यांचे ‘एकच अर्थ, एकच नोंद’ हे मत मला पटत नाही.

अर्थ कसे सरकत गेले ते पाहा. आधी दाबण्याचे यंत्र. मग ते यंत्र जिथे ठेवले आहे ती जागा, म्हणजे छापखाना. मग छापखान्यातून बाहेर पडणारी वस्तू, म्हणजे वृत्तपत्र. मग सर्व वृत्तपत्रे मिळून होणारी संस्था. मग त्या संस्थेसाठी लिहिणारी माणसे. आणि सरतेशेवटी हातात कॅमेरा घेतलेला वाहिनीचा प्रतिनिधी, ज्याच्या कामात कागदही नाही आणि शाईही नाही, तोदेखील ‘प्रेस’. आपल्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. ‘गंगायां घोषः’ हे त्याचे ठरलेले उदाहरण: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले, तरी प्रवाहावर कोणी घरे बांधत नाही, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. नाशिककरांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण आपण गोदावरीला गंगा म्हणतो आणि ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणून घाटावर भाजी घेऊन येतो. ‘प्रेस’ या नामात अशी लक्षणा एकदा नव्हे, एकीवर एक अशी अनेकदा झाली आहे. मूळ सांगून अर्थ कळत नसेल, तर कोशकाराने नोंदी वेगळ्या केल्या पाहिजेत.

आणखी एक. इंग्रजीत या नामाचा सर्वांत जुना अर्थ यंत्र हा नसून ‘गर्दी’ हा आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ज्योतिषी सीझरला हाक मारतो, तेव्हा गर्दीतून मला कोण बोलावते आहे असे सीझर विचारतो, आणि तिथे गर्दीसाठी ‘प्रेस’ हाच शब्द आहे. आज तो अर्थ इंग्रजीतूनही जवळजवळ गेला आहे.

गोदाकाठचा_वाटसरू

म्हणजे कुंभमेळ्यात रामकुंडावर जे असते तेही प्रेसच, आणि त्याची बातमी देणारेही प्रेसच.

शब्दवेल्हाळ

मास्तर, तुमची साखळी मान्य आहे, पण गर्दी म्हणजे तरी माणसांनी माणसांना दाबणेच की. माझे म्हणणे अजून शाबूत आहे.

विधिज्ञा

मास्तरांच्या साखळीतील ‘संस्था’ या कडीबद्दल थोडे लिहिते, कारण कायद्यात हे नाम फार चमत्कारिक रीतीने वावरते. 1867 च्या ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’ कायद्याच्या नावात ‘प्रेस’ म्हणजे शब्दशः छापखाना होता. छापखाना बाळगणाऱ्याने दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र द्यावे, असे बंधन त्यात होते. त्यानंतर अकराच वर्षांनी, 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा ‘व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्ट’ हा कायदा आणला. त्याच्या नावातल्या ‘प्रेस’चा अर्थ वृत्तपत्रे असाच होतो. 1867 चा कायदा मात्र अलीकडेपर्यंत टिकून होता. त्याची जागा घेणारा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा 2023 मध्ये संमत झाला.

आणि ज्या ‘प्रेसच्या स्वातंत्र्या’विषयी आपण बोलतो, त्यातील ‘प्रेस’ हा शब्द भारताच्या संविधानाच्या कलम 19(1)(अ) मध्ये नाहीच. तिथे भाषण आणि अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य आहे, आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य त्यातच येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1950 पासूनच्या निकालांत स्पष्ट केले आहे.

‘प्रेस नोट’ हे जोडनामही कोशात घ्यावे. वृत्तपत्रांना धाडलेले निवेदन असा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु केंद्र सरकार थेट परकीय गुंतवणुकीच्या धोरणातील बदल ‘प्रेस नोट’ या नावानेच काढते, त्यामुळे उद्योगजगतात ‘प्रेस नोट 3’ म्हटले की 2020 मधला, शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी लावणारा निर्णय आठवतो. निवेदनाचे नाव नियमाला चिकटले ते असे.

जेलरोडकर

आमच्याकडे ‘प्रेस नोट’ म्हणजे प्रेसमध्ये छापलेली नोट, आणि तिचे स्पष्टीकरण कोणी मागत नाही.

सातपूरचा_फिटर

या निमित्ताने एक शंका. गाडीवर ‘प्रेस’ लिहिणारे निम्मे लोक पत्रकार नसतात असे म्हणतात. मी दोनशे टनी प्रेस चालवतो. मी लिहिले तर ते खोटे ठरेल का?

विधिज्ञा

खोटे ठरणार नाही, पण नंबर प्लेटवर लिहिले तर दंड होईल. तिथे नोंदणी क्रमांकाखेरीज काहीही लिहायला मनाई आहे आणि त्यातून पत्रकारांनाही सूट नाही.

द्राक्षायणी

मी दिंडोरी भागातल्या एका वाइनरीत काम करते. धागाकर्त्यांनी आमचा उल्लेख केला म्हणून लिहिते. ऐतिहासिक क्रमाने पाहिले तर आमचा अर्थ छापखान्याच्या आधीचा आहे. जर्मनीतील माइन्झ येथे 1450 च्या सुमारास गटेनबर्गने छपाई सुरू केली, तेव्हा त्याने यंत्राची मूळ कल्पना द्राक्षे पिळण्याच्या मळसूत्री दाबयंत्रावरूनच घेतली असे मानतात. फळी खाली, मळसूत्राने दाबली जाणारी फळी वर, आणि मध्ये द्राक्षांऐवजी शाई लावलेले खिळे, म्हणजे छपाईची अक्षरे, व कागद. त्याचे खरे कर्तृत्व धातूचे सुटे खिळे ओतण्यात होते. दाबण्याची युक्ती मात्र द्राक्षवाल्यांची.

आजची वाइनरीतील प्रेस आडव्या पिंपासारखी असते. आत एका बाजूला पडदा असतो आणि त्यात हवा भरली की तो फुगून द्राक्षांना जाळीच्या बाजूला ढकलतो. दाब एकदम देत नाहीत. थोडा द्यायचा, सोडायचा, पिंप फिरवून चोथा मोकळा करायचा, पुन्हा थोडा अधिक द्यायचा. घाई केली तर बिया आणि सालींतला कडवटपणा रसात उतरतो. दाब देण्याआधीच जो रस आपसूक गळतो तो वेगळ्या टाकीत जातो, दाबून काढलेला वेगळ्या टाकीत, आणि चव पाहून मगच मिसळायचे की नाही ते ठरते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्याआधी प्रेसमध्ये जातात, तर लाल वाइनसाठी सालींसकट आंबवून झाल्यावर, कारण रंग सालीत असतो. जानेवारी ते मार्च या हंगामात आमच्याकडे ‘प्रेस लागली का?’ हा प्रश्न रात्रीअपरात्री विचारला जातो, आणि सातपूरच्या दादांप्रमाणे आम्हीही स्त्रीलिंगच वापरतो.

किचनकट्टा

घरगुती अर्थ कोणीच का लिहीत नाही? बाजारात लसणाची प्रेस मिळते, कॉफीची फ्रेंच प्रेस मिळते आणि सोऱ्याच्या खोक्यावर ‘किचन प्रेस’ छापलेले असते. अर्थात चकल्या पाडताना सोऱ्याला प्रेस म्हणणारी सुगरण माझ्या पाहण्यात नाही. ‘कोल्ड प्रेस’ तेलाचेही तसेच: बाटलीवर इंग्रजी नाव असते, पण दुकानात सगळे ‘घाण्याचे तेल’ असेच मागतात.

डब्लिनवासी

मूळचा नाशिकरोडचा, सध्या आयर्लंडमध्ये. धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे एक उमेदवार आहे. इथे ‘प्रेस’ म्हणजे कपाट. घर भाड्याने घेताना मालकीणबाईंनी ‘हॉट प्रेस जिन्यापाशी आहे’ असे सांगितले, तेव्हा मला वाटले की इस्त्रीची सोय आहे. उघडून पाहिले तर गरम पाण्याची टाकी, आणि तिच्या वर फळ्या मारून टॉवेल व चादरी ठेवायची जागा. टाकीच्या उबेने कपडे कोरडे राहतात, हा त्यामागचा हेतू. इथल्या पावसात त्याची किंमत कळते. स्कॉटलंडमध्येही कपाटाला प्रेस म्हणतात. इंग्लंडमधील सहकाऱ्याला मात्र हा शब्द कळत नाही. सांगा आता, कपाटात कोणता दाब?

शब्दवेल्हाळ

घड्या घालून कपडे दाबून ठेवण्याचे लाकडी फडताळ, त्यावरून कुठलेही कपाट. पुन्हा दाबच! अर्थात सध्याच्या वापरात तो उरलेला नाही, हे मास्तरांच्या बाजूने जाते.

मास्तर_निवृत्त

कपाटावर तुमचा निभाव लागला असेल, पण एका जोडनामावर लागणार नाही. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारासाठी बंदरांतून माणसे जबरदस्तीने पकडून नेणारी टोळी असे, तिला ‘प्रेस गँग’ म्हणत. ऐकताना वाटते की ही दबावाचीच गोष्ट. प्रत्यक्षात तो ‘प्रेस’ निराळ्याच कुळातला आहे. सैनिकाला भरती करताना हातावर जी उचल ठेवत, तिच्या फ्रेंच नावापासून तो आला, आणि पुढे ‘दाबणे’वाल्या शब्दाशी उच्चार जुळल्याने त्याचे रूपही तसेच झाले. दाबापर्यंत नेता येत नाही असा अर्थ तुम्ही मागितला होता, तो हा.

शब्दवेल्हाळ

हा अर्थ नोंदीबाहेर ठेवावा लागेल, आणि मराठीत तो आलेलाच नाही म्हणून ठेवणे सोपेही आहे. आता लिंगाकडे वळू. मला असे सुचते की उसना शब्द ज्या मराठी शब्दाची जागा घेतो त्याचे लिंग उचलतो. छापखान्यासाठी ‘तो प्रेस’, इस्त्रीसाठी ‘ती प्रेस’, यंत्रासाठी ‘ते प्रेस’. तसे असेल तर लिंगावरूनच अर्थ ओळखता येईल.

जुना_जुळारी

ऐकायला बरे वाटते, पण व्यवहार तसा नाही. मी मेनरोडजवळच्या छापखान्यात खिळे जुळवत असे. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके, निवडणुकीचे जाहीरनामे, सगळे त्याच ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या यंत्रावर. मालक म्हणायचे ‘माझा प्रेस’ आणि आम्ही कामगार म्हणायचो ‘आमची प्रेस’, वास्तू तीच. जागेला ‘प्रेस’ म्हणत असू, यंत्राला कधीच नाही. यंत्राला ‘ट्रेडल’ किंवा नुसते ‘मशीन’. त्यामुळे आमच्यापुरता तरी प्रेस हा शब्द चार भिंतींचा होता.

दाबाविषयी एक सांगतो. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, मशीनवर चढवला की पहिला कागद काढून उलटा धरायचा आणि मागच्या बाजूने बोट फिरवायचे. खिळ्यांचा उठाव फार लागला तर दाब जास्त, अक्षर फिके आले तर कमी. मग ज्या जागी दाब कमी त्या जागी आतून पातळ कागदाचा कपटा चिकटवायचा. अर्धा दिवस यातच जाई. ऑफसेट आल्यावर ते काम संपले, कारण त्यात शाई आधी रबरी पत्र्यावर उतरते आणि तिथून कागदावर, उठाव म्हणून काही राहतच नाही. सातपूरचे दादा वर्तमानपत्रातल्या दाबाविषयी विचारतात ते बरोबर आहे.

जेलरोडकर

काका, उठाव आमच्याकडे अजून आहे. शंभराची किंवा पाचशेची नोट घेऊन गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. ती छपाई कोरलेल्या पत्र्यावरची असते. शाई कोरलेल्या खाचांत भरायची, वरची पुसून काढायची, आणि कागद इतक्या जोराने दाबायचा की तो खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणून अंधारातही बोटाला खरखर लागते, आणि दृष्टिहीन माणसाला नोट ओळखायला तिचा उपयोग होतो. झेरॉक्सवर किंवा ऑफसेटवर ती खरखर येत नाही. धागाकर्त्यांना दाब आणि छपाई हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी शाबूत हवे असतील, तर ते नाशिकरोडला आहेत.

लिंगाचे कारण मला साधे वाटते. नाशिकमध्ये कारखान्याला सरसकट ‘कंपनी’ म्हणतात आणि ‘कंपनी सुटली’ म्हणतात, त्याच चालीवर ‘प्रेस सुटली’. ‘प्रेस सुटला’ असे जेलरोडला कोणी बोलले तर तो बाहेरगावचा समजावा.

पंचवटीकर

मालक ‘माझा प्रेस’ आणि कामगार ‘आमची प्रेस’ म्हणत, याचे कारण जेलरोडकरांच्या या म्हणण्यात सापडते. मालकाच्या डोक्यात छापखाना होता आणि कामगारांच्या डोक्यात कंपनी.

किचनकट्टा

आणि ‘प्रेसवाले’ या अनेकवचनात तिन्ही लिंगे आणि सगळे अर्थ मावतात. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने ‘प्रेसवाले आले आहेत’ असा निरोप दिला, तर कपडे काढून ठेवायचे की केस विंचरायचे हे खाली जाईपर्यंत कळत नाही.

अंकसंपादक

नोंदीसाठी एक प्रयोग सुचवतो. दिवाळी अंकाची सगळी पाने तयार झाली की आम्ही ‘अंक प्रेसला गेला’ असे म्हणतो. आता अंक कुठेही जात नाही, फाईल ईमेलने रवाना होते, तरी वाक्य तेच आहे. इथे ‘प्रेसमध्ये’ म्हणत नाहीत, ‘ला’ हाच प्रत्यय लागतो, आणि अर्थ ठिकाणाचा नसून टप्प्याचा असतो: यापुढे दुरुस्ती होणार नाही. तरीही एखादे लेखक त्यानंतर नवा परिच्छेद पाठवतातच, ती गोष्ट निराळी.

शब्दवेल्हाळ

हा प्रयोग माझ्या वहीत नव्हता. मी आता छापखाना, वृत्तपत्रसृष्टी, दाबयंत्र आणि इस्त्री अशा चार स्वतंत्र नोंदी करतो आणि व्युत्पत्ती पहिलीत एकदाच देतो. दाबयंत्र आणि इस्त्री यांपुढे स्त्रीलिंग, छापखान्यापुढे पुल्लिंग व स्त्रीलिंग दोन्ही. नाशिकरोडची पाचवी नोंद विशेषनाम म्हणून. जेलरोडकर, नोकरीसाठी ‘प्रेसला आहे’ म्हणतात की ‘प्रेसमध्ये आहे’?

जेलरोडकर

नोकरीत असेपर्यंत दोन्ही चालतात. निवृत्तीनंतर मात्र ‘प्रेसमधून सुटलो’ असेच म्हणतात, ‘निवृत्त झालो’ हे फक्त निरोपसमारंभाच्या पत्रिकेवर असते. आणि वृत्तपत्रसृष्टीपुढचे लिंग राहिले आहे तुमचे.

मास्तर_निवृत्त

ते पत्रकारांनाच विचारा. पाच जण पाच उत्तरे देतील आणि सहावा त्याची प्रेस नोट मागेल.